मागच्या सीटवरचे गार्डसाहेब

गार्डसाहेब स्वतःच्या मोटारीत कधी पुढे बसले नाहीत. मोटार त्यांची, पेट्रोल त्यांचे, पुढची गादीसुद्धा त्यांनीच नवी शिवून घेतलेली. पण बसायचे मागे, उजव्या कोपऱ्यात, खिडकीतून अर्धे बाहेर झुकून. कोणी कारण विचारले की त्यांना त्या माणसाची दया येई.

"गार्ड कुठं बसतो? मागं. आता मला सांगा, गाडी कोण चालवतो?"

"ड्रायव्हर," असे समोरचा हमखास म्हणे.

"चूक. ड्रायव्हर ओढतो. चालवतो गार्ड."

रेल्वेची नोकरी सुटून त्यांना काही वर्षे झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नसावी अशा थाटात ते राहत. पांढरा कोट रोज इस्त्रीचा. त्याची कंपनीची पितळी बटणे त्यांनी स्वतः कापून काढली होती आणि त्या जागी साधी शिंपल्याची लावली होती. त्यामागेही एक गोष्ट होती, आणि ती गोष्ट आमच्या राजपुरा मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला त्यांनी निदान दोनदा ऐकवली होती. सरकारने जुन्या कंपन्यांच्या आणि संस्थानिकांच्या सगळ्या रेल्वे एकत्र केल्या, तेव्हा गार्डसाहेबांनी म्हणे साहेबाच्या टेबलावर शिट्टी ठेवली आणि सांगितले, "मी एका कंपनीचा गार्ड आहे. खिचडीचा गार्ड मी होणार नाही." आणि ते घरी आले. शिट्टी टेबलावर ठेवून आले असतील तर रोज सकाळी गल्ली उठवणारी ही शिट्टी कुठली, हे कोणी विचारत नसे. मीही विचारले नाही. मी कोणालाच काही विचारत नसे.

आम्ही त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाडेकरू होतो. राज्ये नव्याने जुळली, नागपूरची राजधानी भोपाळला गेली, वडिलांची कचेरी मोडली आणि त्यांची बदली बुऱ्हाणपूरला झाली. मी नुकतीच बी. ए. होऊन मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. शिकवणे कसले! मुली मला घाबरत नव्हत्या, मीच मुलींना घाबरत होते. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला विचारल्याशिवाय बोलायचे नाही असे शिकवले होते, आणि तो धडा मी इतका मनावर घेतला होता की विचारल्यावरही फारसे बोलत नसे. गार्डसाहेबांना याची मोठी गंमत वाटे. "मिस," ते म्हणत, "तुमच्या कॉन्व्हेंटात तोंड फाटकावर जमा करून घेतात काय?"

घरात मी त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या पत्नीला काकू. पण गाडीत काका म्हटलेले चालत नसे. गाडीत ते गार्डसाहेब.

त्यांची केळीची बाग बहादरपूरला होती. रोज सकाळी सात दहाला गाडी राजपुऱ्यातून सुटे आणि वाटेत मला शाळेपाशी सोडून बागेकडे जाई. मला त्यांनी फुकट पास दिला होता. खरोखरचा पास, पुठ्ठ्याचा, त्यावर माझे नाव आणि 'राजपुरा ते शाळा'. तो रोज दाखवावा लागे. मी शेजारी बसलेली असे, मला त्यांनीच पास दिलेला असे, तरी ते चष्मा वर करून तो वाचत आणि "ठीक" म्हणून परत देत. एकदा तो वर राहिला. त्यांनी मला जिना चढायला लावले. गाडी चार मिनिटे उशिरा सुटली आणि त्यांच्या वहीत कारणाच्या रकान्यात लिहिले गेले: मिस.

गाडी सुटण्याचा सोहळा मात्र पाहण्यासारखा असे. शंकर ड्रायव्हर पुढे तयार बसलेला. गार्डसाहेब गाडीच्या मागे, रस्त्यात उभे. घड्याळ पाहायचे, गल्लीची दोन्ही टोके पाहायची, शिट्टी द्यायची, काखेतल्या दोन गुंडाळलेल्या झेंड्यांपैकी हिरवा काढून दोनदा हलवायचा. मग गाडी हलायची, आणि गाडी हलल्यावर, आधी नाही, गार्डसाहेब चालत्या गाडीत चढायचे. गार्ड उभ्या गाडीत चढत नाही. त्यासाठी शंकर गाडी इतकी हळू हलवायचा की बाजूने जाणारी शेळीसुद्धा पुढे निघून जाई. एकदा मात्र उतारामुळे अंदाज चुकला. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि गार्डसाहेब शिट्टी फुंकत मागून आले. शंकरकडून लेखी खुलासा घेण्यात आला. शंकरला लिहिता येत नव्हते, म्हणून खुलासाही गार्डसाहेबांनीच लिहिला, आणि तो असमाधानकारक असल्याचा शेराही त्यांनीच मारला.

शंकर आधी कापसाच्या जिनिंग कारखान्यात इंजिनवर होता. तिशी ओलांडलेला, शांत, पान खाणारा माणूस. त्याची बायको आणि दोन मुली बागेतल्याच खोलीत राहत. साहेबांच्या सगळ्या गोष्टींना त्याचे एकच उत्तर असे, "हाव साहेब." त्या 'हाव'मध्ये चेष्टा किती आणि माया किती, हे मी रोज कान देऊन ऐकत असे, पण मला ते कधी वेगळे करता आले नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मला एक गोष्ट दिसली. मी कमी बोलते, त्यामुळे मला बरेच दिसते. सकाळी शिट्टी झाली, मागच्या काचेतून मी पाहिले, तर गार्डसाहेब ऐटीत लाल झेंडा हलवत होते. लाल म्हणजे थांबा. पण गाडी रोजच्यासारखी सावकाश निघाली. मी पुढच्या आरशात पाहिले. आरशात शंकरचे डोळे होते. ते क्षणभर माझ्या डोळ्यांना भिडले आणि रस्त्याकडे वळले.

त्याच दिवशी दुपारी काकू ओसरीवर बसून लाल झेंड्याच्या काठाला एक बटण शिवत होत्या. जुने निघून पडले असावे, कारण तिथे तुटके दोरे होते.

"झेंड्याला बटण कशाला, काकू?" मी विचारले. मी आपणहून विचारलेल्या मोजक्या प्रश्नांपैकी हा एक.

"शोभेला," काकू म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

मग मला बाकीचेही हळूहळू दिसू लागले. गार्डसाहेब बाजारातून टोमॅटो निवडून आणत, आणि त्यांच्या घरी हिरव्या टोमॅटोची चटणी आठवड्यातून चारदा होई. मला वाटे, त्यांना ती आवडत असेल. मिरच्या काकू स्वतः आणत. गार्डसाहेबांना लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नव्हता. घरात काकूंना माहीत होते, गाडीत शंकरला माहीत होते, आणि दोघे ही गोष्ट एकमेकांशीसुद्धा बोलत नसावेत. आता मला माहीत झाली, आणि मीही नाही बोलले. माझ्यासाठी त्यात अवघड काहीच नव्हते.

मोटारीसाठी पेट्रोल आणि बागेतल्या विहिरीवरच्या इंजिनासाठी क्रूड, म्हणजे ते जाडे डिझेल, दोन्ही गार्डसाहेब घरीच मागच्या खोलीत पत्र्याच्या सारख्याच डब्यांत साठवत. पेट्रोलच्या डब्याच्या कडीला लाल चिंधी, क्रूडच्या डब्याला हिरवी. हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावून दिले होते. "पेट्रोल भडकतं. धोका. म्हणून लाल. क्रूड गरीब आहे. चालू द्या. म्हणून हिरवं. आलं ध्यानात?" शंकर डबे भरून आणी, पण मोटारीत तेल ओतायचे ते फक्त गार्डसाहेबांनी. तो त्यांचा अधिकार. आणि ते ओतायचे डावीकडचा डबा उचलून, चिंधीकडे न पाहता, कारण पेट्रोलची जागा डावीकडे ठरलेली होती. वासावरून कळायला हवे, असे कोणी म्हणेल. पण गार्डसाहेब दर अर्ध्या तासाने तपकीर ओढत. त्यांच्या नाकाला बागेतले शेणखतही कळत नसे.

त्या दसऱ्याच्या आधी आठ दिवस शंकरने गाडी पुसता पुसता विषय काढला. नव्या राज्याच्या बससेवेत ड्रायव्हर घ्यायचे होते. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी खंडव्याला बोलावले होते. पक्की नोकरी, खाकी कपडे. फक्त आताच्या मालकाचा चांगल्या वागणुकीचा दाखला हवा होता.

"म्हणजे तू मला सोडून जाणार," गार्डसाहेब म्हणाले.

"साहेब, पोरी मोठ्या होऊन राहिल्या."

गार्डसाहेबांनी बराच वेळ तपकिरीची डबी उघडली आणि मिटली. मग म्हणाले, "दसऱ्याला देतो. मुहूर्तावर. असा दाखला देतो की खंडव्याचा साहेब उठून उभा राहील."

"हाव साहेब," शंकर म्हणाला. त्या 'हाव'मध्ये चेष्टा अजिबात नव्हती, हे मलाही कळले.

खंडेनवमीला त्यांच्या घरी हत्यारांची पूजा असे. इतरांकडे कोयते, विळे, फार तर शिवणयंत्र. इथे पाटावर गार्डचा कंदील, दोन झेंडे, शिट्टी, मोटारीचे हॅन्डल, आणि तेलाचे डबेसुद्धा. शंकरने डबे अंगणात घासून लखलखीत केले. काकूंनी दोन्ही डब्यांवर स्वस्तिक काढले, हळदकुंकू वाहिले, फुले ठेवली. पूजा झाल्यावर त्यांनीच ते उचलून खोलीत नेले, आणि एरवी डावीकडे असायचा तो उजवीकडे ठेवला.

संध्याकाळी शंकर झेंडूचे हार आणायला गेला होता. मी जिन्यात वह्या तपासत बसले होते. गार्डसाहेब खोलीत गेले, डबा घेऊन आले आणि मोटारीच्या टाकीत नरसाळे लावून सगळा ओतला. मी वर पाहिले. कडीला हिरवी चिंधी होती.

मला स्पष्ट दिसली. ऊन अजून अंगणात होते. मी पेन खाली ठेवले. 'काका, हिरवी आहे,' एवढेच म्हणायचे होते. पण मला वाटले, पूजेत चिंध्या बदलल्या असतील. मला वाटले, ज्या माणसाने इतकी वर्षे तेल ओतले त्याला मी सांगणारी कोण? खरे म्हणजे मला काहीच वाटले नाही. फक्त माझ्याने बोलवले नाही. मी पेन उचलले आणि पुढची वही घेतली.

दसऱ्याला सकाळी काकूही निघाल्या. बागेतल्या इंजिनाला नारळ फोडायचा होता. गाडीच्या नाकावर झेंडूचा हार, मागे आम्ही तिघे दाटीवाटीने, माझ्या मांडीवर पूजेचे ताट. नळीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी वस्ती संपेपर्यंत नीट गेली. मग तिला खोकला लागला. मग तिने असा पांढराधोप धूर सोडला की काकूंनी "अगं बाई, नारळ गाडीलाच फोडा" म्हटले. मग ती थांबली.

शंकरने उतरून टाकीचे झाकण काढले, वास घेतला आणि तसाच उभा राहिला.

"काय?" गार्डसाहेब खिडकीतून.

"साहेब, क्रूड आहे हे."

"शक्य नाही."

"वास घ्या ना."

गार्डसाहेबांनी वास घेतला. त्यांना अर्थातच तपकिरीचा आला.

दसऱ्याचा दिवस, रस्त्यावरून बैलगाड्या आणि माणसांची ये-जा. प्रत्येक जण थांबून आधी आपट्याचे पान हातावर ठेवी, "सोनं घ्या साहेब," आणि मग सल्ला देई. एक जण म्हणाला, टाकीत थोडे पेट्रोल मिसळा, आपसात जमून जाईल. एका म्हाताऱ्याने बैल जुंपून मोटार ओढून नेतो म्हटले. "बैल? गाडीला?" गार्डसाहेब इतके दुखावले की म्हातारा बैलांचीच माफी मागत निघून गेला.

शंकर गावाकडे जाणाऱ्या बैलगाडीवर बसून घरी गेला आणि पेट्रोलचा डबा घेऊन आला. मग त्याने जे केले ते मी पहिल्यांदाच पाहत होते. गाडीखाली आडवा होऊन टाकीचा बूच काढला आणि सगळे क्रूड कुणाकडून तरी मागून आणलेल्या घमेल्यात उतरवले. थोडे पेट्रोल ओतून टाकी खळबळून काढली, भांडे विसळलेले पाणी टाकावे तसे ते टाकले, पुन्हा ओतले. तेलाची नळी सोडवून तोंडाने फुंकली आणि थुंकला, फुंकली आणि थुंकला. कार्बोरेटर उघडून त्यातली इवलीशी जाळी माझ्या ताटातल्या कापसाने पुसली. प्लग काढले, पेट्रोलमध्ये धुतले, उन्हात ओळीने मांडले. दसऱ्याचे नवे कपडे त्याने आधीच काढून काकूंच्या हाती दिले होते.

गार्डसाहेबांची नजर या सगळ्यात शंकरने आणलेल्या डब्यावर होती. कोणीतरी विचारले, "साहेब, कडीला ही लाल चिंधी कशाला?"

"लाल!" गार्डसाहेब सावकाश म्हणाले. "शंकर, मी काल लाल चिंधीचाच डबा ओतला. रिकामा झाला तो. मग हा भरलेला लाल डबा आला कुठून?"

शंकर गाडीखालून बाहेर आला. "म्हणजे काय साहेब?"

"म्हणजे कोणीतरी चिंध्या बदलल्या. घरी एकटा कोण गेलं होतं?"

"साहेब, म्या नई बदलल्या."

"चौकशी होईल," गार्डसाहेब म्हणाले. "आणि चौकशी होईपर्यंत दाखला मिळणार नाही."

ते खोटे बोलत नव्हते, हेच त्यातले वाईट होते. त्यांनी डावीकडचा डबा उचलला होता, म्हणजे तो लालच होता. दुसरे काही असूच शकत नव्हते, कारण दुसरे काही असेल तर सगळेच उलगडत गेले असते. शंकरने चौथ्यांदा हॅन्डल फिरवले तेव्हा इंजिन फुरफुरले, काळा धूर ओकले आणि सुरू झाले. रस्त्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यापैकी कोणीच नाही.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात काकूंना कोथिंबीर निवडून देत होते. काकू एकदम म्हणाल्या, "खिचडी-बिचडी काही नव्हती गं. डोळ्यांच्या तपासणीत काढलं त्यांना. लोकरीचे गुंडे पुढं ठेवले आणि म्हणाले, हिरवे वेगळे करा. घरी आले आणि दोन दिवस कोटाची बटणं कापत बसले. गावात कोणाला माहीत नाही." मग माझ्याकडे न पाहता, "तू जिन्यात होतीस काल. काय पाहिलंस ते मला सांगू नकोस. मला सांगितलंस तर मी तुला गप्प राहा म्हणेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकर अंगणात गाडी पुसत होता. मी पहिल्यांदाच त्याच्याशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलले.

"शंकरभाऊ, तुम्ही का सांगत नाही त्यांना? तुम्हाला माहीत आहे."

"काय सांगू ताई? का तुमाले लाल-हिरवं दिसत नई?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "मंग त्या राजीनाम्याची गोष्ट कोण ऐकीन? त्यांच्यापाशी तेवढी एकच तर गोष्ट आहे."

"पण परवा खंडव्याला जायचंय तुम्हाला."

त्याने फडके पिळले. "पाहू," म्हणाला.

चौकशी त्याच दिवशी दहा वाजता ओसरीवर भरली. रेल्वेच्या नियमाप्रमाणे बाहेरचा माणूस हवा, म्हणून माझ्या वडिलांना लिहायला बसवले होते. ते बिचारे टोपी घालून, दौत समोर ठेवून, जेवण कधी होईल याचा विचार करत होते.

"साक्षीदार पहिला," गार्डसाहेब म्हणाले. "नाव?"

"अहो, काय हे!" काकू म्हणाल्या.

"नाव सांगा."

"मी नाही नाव-बिव सांगत. चहा ठंडा होऊन राहिला."

"लिहा, साक्षीदाराने नाव सांगण्यास नकार दिला." वडिलांनी लिहिले.

शंकर दुसरा. डबे त्याने घासले. चिंध्या सोडल्या नाहीत, बांधल्या नाहीत. तेल ओतताना तो हार आणायला गेला होता. "मग लाल डब्यातून क्रूड कसं निघालं?" "मले काय मालूम साहेब." "याशिवाय काही सांगायचं आहे?" शंकरने एकदा काकूंकडे पाहिले आणि म्हणाला, "नई साहेब."

"मिस, तुम्हाला काही माहीत आहे?" हे केवळ रीत म्हणून होते. गार्डसाहेब पेनाला टोपण लावत होते. 'नाही' म्हटले असते तर संपले असते. आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा बोललेला शब्द तोच असेल.

"हो," मी म्हणाले.

टोपण अर्ध्यावर राहिले.

"मी जिन्यात होते. तुम्ही ओतलेल्या डब्याला हिरवी चिंधी होती." माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "मला दिसली आणि मी गप्प बसले. तेव्हा बोलले असते तर हे काहीच झालं नसतं. शंकरभाऊंची यात चूक नाही. माझी आहे."

गार्डसाहेब माझ्याकडे पाहत होते, रागाने नव्हे. रुळावर काही पडले आहे का ते लांबून पाहावे तसे.

"नक्की हिरवी?"

"नक्की."

ते काकूंकडे वळले. काकू पदराची किनार नखाने उकलत होत्या. ते शंकरकडे वळले.

"शंकर, तू रोज गाडी कशावर सोडतोस?"

"शिट्टीवर, साहेब."

"आणि झेंडा?"

"झेंडा तर मागं असते, साहेब. मी पुढं पाहून राहतो."

"बरोबर आहे," गार्डसाहेब म्हणाले. "ड्रायव्हरनं पुढंच पाहावं."

वडील कागदावर डोळे ठेवून होते. "निष्कर्ष काय लिहू?" त्यांनी अदबीने विचारले.

"लिहा, डबा ओळखण्यात गार्डची चूक."

"कारण?" वडील म्हणाले. त्यांचा त्यात काही हेतू नव्हता. बत्तीस वर्षे कचेरीत काढलेला माणूस कारणाचा रकाना रिकामा सोडू शकत नाही, इतकेच.

"कारण," गार्डसाहेब म्हणाले. त्यांचा हात कोटाच्या एका बटणावर गेला. "गार्डला लाल आणि हिरवा ओळखू येत नाही. लिहा. त्याच कारणानं रेल्वेनं त्याला कमी केलं. हेही लिहा. राजीनामा नव्हता."

वडिलांनी लिहिले. काकू उठून आत गेल्या, आणि आतून भांड्यांचा एवढा आवाज आला की चहाच्या चार कपांना तेवढा लागत नाही.

दाखला त्यांनी मला इंग्रजीत लिहायला लावला. सांगत होते मराठीत. 'हा मनुष्य पाच वर्षे माझ्याकडे ड्रायव्हर आहे. या काळात मी त्याला अनेकदा चुकीचा इशारा दिला. त्याने एकदाही गाडी चुकीची चालवली नाही.' मी म्हणाले, काका, असा दाखला कोणी देत नाही, खंडव्याचे साहेब गोंधळतील. ते म्हणाले, "गोंधळू द्या. तुम्ही फक्त स्पेलिंग सांभाळा." शंकर तो छातीच्या खिशात घालून गेला आणि खाकी कपड्यांचे माप देऊनच परत आला. त्याला नोकरी दाखल्यामुळे मिळाली की दाखला असूनही, हे आजवर कळलेले नाही.

राजीनाम्याची गोष्ट मात्र बंद झाली. पहिले काही दिवस गार्डसाहेब गल्लीतून जाताना कोणाशी बोलत नसत. गल्लीला काही कळलेच नव्हते. वडिलांनी ते कागद कुलपात ठेवले होते. पण गार्डसाहेबांना कोण सांगणार? मग एका सकाळी गाडीत त्यांनी माझ्या पासाकडे पाहिले, परत दिला आणि विचारले, "मिस, ही साडी कोणत्या रंगाची?"

"गुलबक्षी."

"मी इतके दिवस राखाडी समजत होतो. म्हटलं, एवढ्या लहान वयात रोज राखाडी काय नेसता."

तेव्हापासून ते विचारू लागले. आधी दिवसातून एखादी गोष्ट, हळू आवाजात, नव्या ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही असे. मग कशाबद्दलही, कुठेही. फाटकापलीकडचा सिग्नल, परकरांचे काठ, पतंग. मला सकाळी सात दहापासून बोलावे लागे, आणि शाळेत पोचेपर्यंत माझा आवाज मोकळा झालेला असे. मुलींनाही ते जाणवले असावे. त्या थोड्या घाबरू लागल्या.

एका रविवारी काकूंना तापीवर दिवे सोडायचे होते म्हणून आम्ही राजघाटावर गेलो. पायऱ्यांवर बायकांनी लुगडी वाळत टाकली होती. गार्डसाहेब हातात काठी धरून वरच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "डावीकडून."

मी सुरू केले. हिरवे, डाळिंबी, पुन्हा हिरवे पण पोपटी, मातकट, लाल. ते मान डोलवत होते.

"शेवटचं?"

"गुलाबी."

"गुलाबी नाही ते."

"गुलाबीच आहे."

"मिस, वाद घालू नका. नीट बघा."

"मी वाद घालत नाही, काका. मला दिसतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, लुगड्याकडे पाहिले, तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली, शिंकले.

"बरं," ते म्हणाले. "गुलाबी."